युरोपातल्या चित्रकादंबऱ्या: तुम्ही कोणत्या पानाशी थांबलात?

निळी शाई

'टिनटिन इन तिबेट'चं अगदी शेवटचं चित्र आठवतंय का? बातमीदार टिनटिन, त्याचा सोबती कॅप्टन हॅडॉक आणि हरवून नुकताच सापडलेला मित्र चँग काफिल्याबरोबर डोंगरवाटेनं परत निघालेत. आणि आपल्याकडे पाठ करून यती एकटाच त्यांच्याकडे बघत उभा आहे. सातवीत मैत्रिणीकडून आणून हे पुस्तक वाचलं तेव्हा चँग सापडला, गोष्ट संपली, म्हणून मी ते मिटून टाकलं होतं. तिशी उलटल्यावर परत हातात आलं आणि त्या पानावरून हलताच येईना. ज्याच्या पाऊलखुणा बघून सगळे हमाल पळाले, त्यानंच चँगला जगवलेलं असतं. आणि शेवटी एकटा राहतो तोही तोच.

हा धागा त्यासाठी काढलाय. युरोपातल्या कॉमिक्सवर लिहायचं म्हटलं की आपण गोष्ट सांगतो, फार तर 'चित्रं सुंदर आहेत' एवढं पुढे जोडतो. मला वाटतं, यातली चांगली पुस्तकं गोष्टीवर तरत नाहीत. ती एखाद्या पानावर, दोन चौकटींमधल्या फटीत, एखाद्या रिकाम्या सोडलेल्या जागेत उभी असतात. म्हणून विनंती अशी की कथानक थोडक्यात सांगा आणि तुम्ही जिथे थांबलात ते पान सांगा. युद्ध, विनोद, हेरगिरी, आजारपण, काहीही चालेल.

सुरुवात मीच करते. 'तिबेट' १९५८-५९ मध्ये 'टिनटिन' साप्ताहिकात क्रमशः आलं आणि १९६० मध्ये पुस्तक झालं. त्या काळात टिनटिन काढणाऱ्या एर्जे या बेल्जियन चित्रकाराचा पहिला संसार मोडत होता आणि त्याला सगळं पांढरंशुभ्र दिसणारी भीतीदायक स्वप्नं पडत होती. झ्युरिकच्या मानसोपचारतज्ज्ञानं त्याला काम थांबवायला सांगितलं होतं. तो थांबला नाही, तो पांढरा रंग त्यानं पुस्तकात आणला. पानंच्या पानं बर्फ. खलनायक नाही, बंदूक घेऊन मागे लागणारं कुणी नाही. एक मित्र हरवलाय आणि दुसरा त्याला शोधतोय, बस्स. मधे दिल्लीत काही तास मिळतात, तेव्हा कुतुबमिनार आणि लाल किल्ला बघून होतो आणि हॅडॉक एका गाईच्या पाठीवर बसून निघतो. आपल्याकडची मुलं त्या पानावर हमखास हसतात. त्या हसण्यानंतर लगेच बर्फ सुरू होतं, म्हणून ते जास्त गार वाटतं.

चँगमागे खरा माणूस होता. १९३४ मध्ये झांग चोंगरेन हा चिनी विद्यार्थी ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिकत होता. 'ब्लू लोटस' हे चीनमध्ये घडणारं टिनटिनचं पुस्तक काढताना त्यानं एर्जेला चीन नीट समजावून सांगितला. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि भेट झाली ती थेट १९८१ मध्ये, ब्रुसेल्सलाच. म्हणजे 'तिबेट' काढताना एर्जेला आपला मित्र कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. हे कळल्यावर मी पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं.

एर्जेच्या पद्धतीला 'लीन्य क्लेर', म्हणजे स्वच्छ रेघ, हे नाव १९७७ मध्ये योस्त स्वार्ते या डच चित्रकारानं दिलं. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ, सपाट रंग, सावल्या जवळजवळ नाहीतच. बघायला सोपी वाटते, पण काढायला बसा. चुकलेलं लपवायला तिच्यात जागाच नाही.

आता तुम्ही लिहा.

वेशीवरचा

छान विषय. माझी भर इटलीची. फ्रेंच-बेल्जियन अल्बम म्हणजे मोठा आकार, पुठ्ठ्याची बांधणी, अठ्ठेचाळीस रंगीत पानं, आणि पुढच्या भागासाठी वर्षभर वाट. इटलीत याच्या उलट. तिथे कॉमिक वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळतं. हातात मावणारं, काळं-पांढरं, शंभराच्या आसपास पानं, आणि दर महिन्याला नवीन. 'टेक्स' हा काऊबॉय १९४८ पासून असाच चालू आहे. 'डिलन डॉग' १९८६ पासून, लंडनमध्ये राहणारा आणि लोकांच्या दुःस्वप्नांचा तपास करणारा. तिथे कॉमिकला म्हणतात 'फुमेत्तो', म्हणजे छोटासा धूर. बोलण्याचा जो फुगा आपण म्हणतो, तो त्यांना तोंडातून निघणारा धूर दिसला.

पान मात्र ह्यूगो प्राट या इटालियन चित्रकाराचं सांगतो. 'बॅलड ऑफ द सॉल्ट सी', १९६७. पहिल्याच पानावर प्रशांत महासागर स्वतः बोलतो: मी सगळ्यांत मोठा. पुढे काही पानांनी कोर्तो माल्तेसे पहिल्यांदा दिसतो तो तराफ्याला हातपाय ताणून बांधलेला, समुद्रात सोडून दिलेला. नायकाची ओळख अशी मी दुसरीकडे पाहिली नाही. प्राट समुद्र काढतो म्हणजे चार आडव्या रेघा आणि एक पक्षी, आणि तेवढ्यात खारा वारा अंगावर येतो. कोर्तोच्या तळहातावर भाग्यरेषा नव्हती, म्हणून लहानपणी त्यानं वडिलांच्या वस्तऱ्यानं स्वतःच कापून काढली. पुस्तकातलीच गोष्ट आहे, पण प्राटच्या रेघेबद्दलही माझं तेच म्हणणं आहे.

सांजवात

इथे बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

पाको रोका हा स्पॅनिश चित्रकार, पुस्तक 'अरुगास', म्हणजे सुरकुत्या. २००७ मध्ये आलं आणि दुसऱ्या वर्षी स्पेनचा राष्ट्रीय कॉमिक पुरस्कार त्याला मिळाला. पहिल्या पानावर एक बँक मॅनेजर समोरच्या जोडप्याला समजावतोय की तुम्हाला कर्ज देता येणार नाही. पुढच्या चौकटीत कळतं की बँक नाहीच. हा म्हातारा एमिलिओ, पलंगावर बसलेला, आणि समोर मुलगा आणि सून सुपाची थाळी घेऊन विनवतायत की बाबा, जेवा.

माझी आई बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी तिला भाताचं ताट दिलं, तर तिनं मला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "तुमची मुलगी हुशार आहे हो, पण अक्षराकडे लक्ष द्या." मी हो बाई म्हणाले. दुसरं काय म्हणणार. त्यानंतर दोन महिन्यांनी भाच्यानं हे पुस्तक आणून दिलं. पहिलं पान उलटल्यावर मी ते उशीखाली ठेवलं आणि आठवडाभर काढलं नाही.

मग मात्र सगळं वाचलं. वृद्धाश्रमातला वरचा मजला, जिथे स्वतःचं स्वतः करता न येणाऱ्यांना नेतात आणि ज्याच्याकडे खालचे लोक बघतही नाहीत. खिडकीशी बसलेली बाई, जिला वाटतं आपण ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये आहोत आणि गाडी इस्तंबूलला चाललीय. आणि मोदेस्तो व दोलोरेस हे जोडपं. त्याला काहीच ओळखू येत नाही, ती धडधाकट आहे पण त्याला भरवायला म्हणून तिथे राहते. ती त्याच्या कानात एकच शब्द कुजबुजते आणि तो हसतो. त्या शब्दाला मराठीत चपखल शब्द आहे: लबाड.

माझं पान ते. चित्रात विशेष काही नाही, दोन म्हातारी डोकी जवळ आलेली आणि एकाच्या ओठाचा कोपरा किंचित वर गेलेला. पण ते हसू यायच्या आधीची चौकटही रोकानं काढलीय, चेहरा कोरा असलेली. सिनेमात तो क्षण निघून गेला असता. इथे दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी पानावर राहतात, मला पाहिजे तितका वेळ.

आईच्या कानात कुठला शब्द सांगायचा ते मी अजून शोधतेय.

निळी शाई

सांजवात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिल्या पानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून पुस्तक परत काढलं. त्या पानावर रोका आपल्यालाही एमिलिओच्या जागी बसवतो हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. एक चौकटभर आपल्यालाही ती बँकच वाटते.

मोडीवाचक

विनोदाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून 'अ‍ॅस्टेरिक्स'. गोसिनी आणि युदेर्झो, 'पिलोत' साप्ताहिकाचा पहिला अंक, २९ ऑक्टोबर १९५९. रोमनांना दाद न देणाऱ्या गॉलांच्या गावाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती सोडतो. मला भाषेबद्दल बोलायचंय.

मूळ फ्रेंचमध्ये कुत्र्याचं नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात पक्की बसलेली कल्पना. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजीत त्याचं 'डॉगमॅटिक्स' केलं. हट्टी मतही आलं आणि कुत्राही आला! भाटाचं फ्रेंच नाव आस्युरांसतुरिक्स, म्हणजे सर्व जोखमींचा विमा. गाण्याशी काही संबंध नाही, म्हणून इंग्रजीत तो कॅकोफोनिक्स झाला. मूळ विनोद हरवला तर त्याच जागी आपल्या भाषेतला दुसरा पेरायचा, असं हे काम आहे. मी कित्येक वर्षं एका वहीत मराठी नावं लिहून ठेवतोय. भाट बेसुरिक्स. औषधी रस ढवळणारा पुरोहित काढापाजिक्स. मासळीवाला शिळामासळिक्स. कुत्रा हट्टिक्स.

आणि माझं पान म्हणजे 'अ‍ॅस्टेरिक्स अँड द गॉथ्स'मधलं कुठलंही, जिथे गॉथ बोलतात. त्यांच्या फुग्यातली अक्षरं जुन्या जर्मन छापाच्या टोकदार वळणाची आहेत. इजिप्तचे लोक तर चित्रलिपीत बोलतात. म्हणजे परकी भाषा कानाला नाही, डोळ्याला ऐकू येते. मराठीत हे करायचं तर गॉथांना मोडीत बोलायला लावावं असं मला फार वाटतं. वाचता येणाऱ्याला गंमत, न येणाऱ्याला नेमकी तीच भीती, जी गॉलांना वाटते. कुणी प्रकाशक हे वाचत असेल तर वही तयार आहे.

बागाईत

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. कॉमिक्सचा माझा संबंध लहानपणी इंद्रजालच्या वेताळापुरता. पण मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात आहे, तिनं एक पुस्तक आणलं आणि म्हणाली आप्पा, हे तुमचंच आहे.

एतियेन दाव्होदो हा चित्रकार आणि रिशार लरुआ हा फ्रान्सच्या आंजू भागातला द्राक्षबागाईतदार, वाइन करणारा. दोघांनी ठरवलं की वर्षभर चित्रकारानं बागेत राबायचं आणि बागाईतदारानं कॉमिक्स वाचायची. दोघंही एकमेकांच्या धंद्यात अडाणी, म्हणून पुस्तकाचं नाव 'ले झिन्योरां', २०११. इंग्रजीत 'द इनिशिएट्स'. इंग्रजी मला अडखळतच वाचता येतं, अर्धं मुलीनं वाचून दाखवलं.

छाटणीची पानं बघताना मी चष्मा पुसून परत बघितलं. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी. त्यांची एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. पण कात्री वेलीच्या कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंबावर, लावायची हे बघताना माणूस जसा मान तिरकी करतो, तशीच मान त्यानं काढलीय. शिकाऊ गडी कात्री लावण्याआधी मालकाकडे बघतो, तेही आहे. शेण भरलेली गाईची शिंगं जमिनीत पुरायचं कामही आहे. आपल्याकडेही काही जण शिंगखत करतात, मला ते फ्रान्समध्ये बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. लरुआची द्राक्षं शेनँ जातीची, ती तर आमच्या भागातही वाइनसाठी लावलेली आहे.

मग लरुआ छापखान्यात जातो, कागद कसा येतो, शाई कशी बसते ते बघतो. तेव्हा कळलं की पुस्तकाचंही पीक असतं. शेतकऱ्यावर लिहिणारे बरेच भेटतात. कात्री हातात धरून आधी वर्षभर काम करणारा हा एकच बघितला. सगळं पुस्तक करड्या रंगात आहे, एकही हिरवं पान नाही, आणि तरी मला पालवी कुठली आणि जून पान कुठलं ते कळत होतं.

रेघोटी

बागाईतआप्पा, सुंदर लिहिलंत. मी चित्रकार आहे, म्हणून हातानं केलेल्या कामाबद्दलच लिहिते.

'ब्लॅकसॅड'. लेखक हुआन दिआस कानालेस, चित्रकार हुआन्हो ग्वार्निदो. दोघं स्पॅनिश, पण पहिला अल्बम २००० मध्ये निघाला तो फ्रान्समध्ये, फ्रेंचमधून. १९५०च्या दशकातल्या अमेरिकेतला खाजगी गुप्तहेर, तो काळा बोका. पोलीस अधिकारी जर्मन शेफर्ड. सगळं जलरंगात. ग्वार्निदोनं आधी डिस्नेच्या पॅरिसजवळच्या स्टुडिओत काम केलं होतं, आणि ते अंगात मुरलेलं दिसतं. 'आर्क्टिक नेशन' या दुसऱ्या भागात पांढऱ्या केसांचे प्राणी एकत्र येऊन काळ्यांना हुसकावतात. प्राणी दाखवल्यामुळे वंशद्वेष किती पोकळ आहे ते एका नजरेत कळतं.

पण एक गोष्ट मला खटकतेच आणि ती सांगितली पाहिजे. पुरुष खरोखर प्राणी आहेत: सुळे, थुलथुलीत गळे, खवले. बायका मात्र सुंदर मानवी चेहऱ्याच्या, नुसते कान आणि नाक जनावराचं. कुरूप असण्याची मुभा फक्त पुरुषांना. इतका समर्थ हात असताना ही कंजुषी का?

माझं पान मात्र मोबियस या फ्रेंच चित्रकाराचं. 'आर्झाक', १९७५, 'मेताल युर्लां' मासिकातलं. एक शब्दही नाही. एक माणूस प्रचंड पांढऱ्या पक्ष्यावर बसून उडतोय, खाली वाळवंट. प्रत्येक गोष्टीत नायकाच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा वेगळं. हाच माणूस, जाँ जिरो, 'ब्ल्यूबेरी' हे वेस्टर्न काढताना कुंचल्यानं धुळीनं माखलेलं अमेरिकन वाळवंट काढतो, आणि मोबियस नावानं काढताना टाकाच्या बारीक रेघांनी कुठल्यातरी परग्रहावरची शांतता. मी एका पानाची नक्कल करायला बसले होते. नुसत्या एका दगडाला अख्खी दुपार गेली.

परखड

चर्चा चांगली चाललीय, पण टिनटिनबद्दल एवढ्या मायेनं बोलताना 'टिनटिन इन द काँगो' विसरू नये. तिथले काळे लोक कसे रंगवलेत ते बघा. तोच एर्जे, तीच स्वच्छ रेघ. चुकलेलं लपवायला जागा नसते असं धागाकर्तीनं लिहिलंय, तर ते इथेही लागू आहे.

निळी शाई

परखड, मान्य आहे, आणि तुम्ही माझंच वाक्य योग्य जागी लावलंत. 'काँगो' १९३०-३१ मधलं. मूळ आवृत्तीत टिनटिन तिथल्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असा धडा देतो. १९४६ मध्ये रंगीत आवृत्ती करताना एर्जेनं तिथे गणिताचा तास घातला. धडा बदलला, मुलांचे चेहरे तसेच राहिले. मी ते पुस्तक भाचरांच्या हातात देत नाही. मोठ्यांनी मात्र ते 'ब्लू लोटस'च्या शेजारी ठेवून वाचावं. मधे जेमतेम तीन-चार वर्षं आहेत आणि एक मित्र आहे. चीन समजावणारा झांग भेटला, काँगो समजावणारा कुणी भेटला नाही, किंवा एर्जेनं तसा शोधला नाही. हे त्याचं उणं आहे, आणि ते माझ्या आवडीनं पुसलं जात नाही.

उत्तरेकडचा

नोकरीनिमित्त लीलमध्ये राहतो, उत्तर फ्रान्स. इथून जवळच नव-शापेलला पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. ४,७०० हून जास्त नावं कोरलेली आहेत. तिथून आल्यावर मी जाक तार्दीचं 'इट वॉज द वॉर ऑफ द ट्रेंचेस' वाचलं, १९९३ चं. पानावर बहुतेक वेळा तीनच आडव्या लांबलचक चौकटी. खंदकातून दिसतं तसंच आकाश, चिंचोळं. नायक नाही, पराक्रम नाही. तार्दीचे आजोबा त्या युद्धात होते. अंधारात ते पडले आणि त्यांचे हात एका मेलेल्या शिपायाच्या पोटात रुतले, ही घरात ऐकलेली गोष्ट त्यानं काढलीय. याच तार्दीनं २०१३ मध्ये फ्रान्सचा लेजियाँ दॉनर हा सन्मान नाकारला. पुस्तक वाचलं की त्यात नवल वाटत नाही.

पण मी थांबलो ते 'द फोटोग्राफर'पाशी. दिदिए लफेव्र हा छायाचित्रकार १९८६ मध्ये डॉक्टरांच्या एका पथकाबरोबर पेशावरहून चोरवाटेनं अफगाणिस्तानात गेला. जवळजवळ चार हजार फोटो काढले, त्यातले त्या वेळी छापले गेले सहा. पुढे एमान्युएल गिबेर या चित्रकारानं त्याच्याकडून सगळं ऐकून मधल्या जागा चित्रांनी भरल्या. फोटो, चित्र, परत फोटो, मधेच काळ्या पट्टीवरचे छोटे छोटे ठसे, लाल पेनानं खुणा केलेले.

परतीच्या वाटेवर वाटाडे लफेव्रला खिंडीत सोडून जातात. बर्फ, रात्र, दमलेला घोडा. आपण मरणार असं त्याला वाटतं, तेव्हा तो कॅमेरा काढतो, रुंद कोनाची लेन्स लावतो आणि जमिनीलगत धरून फोटो घेतो. आपण कुठे मेलो ते लोकांना कळावं म्हणून. आणि पुढच्या पानावर तो फोटो. चित्र नाही, खरा फोटो. तोपर्यंत गिबेरच्या रेघेची सवय झालेली असते, म्हणून तो अंगावर येतो. लफेव्र २००७ मध्ये गेला.

सांजवात

सगळ्यांचे आभार. एक विचारायचं होतं. आईला आता वाक्यं लक्षात राहत नाहीत, पण चित्रं बघते. शब्द नसलेलं, मऊ, सोपं असं काही आहे का?

निळी शाई

'फाटर उंड झोन', म्हणजे बाप आणि मुलगा. टक्कल पडलेला, झुपकेदार मिशांचा बाप आणि विस्कटलेल्या केसांचा पोरगा. १९३४ ते १९३७ बर्लिनच्या एका साप्ताहिकात आलं. एका पानात एक गोष्ट, बहुतेक सगळी शब्दांशिवाय. एरिष ओझरवर नाझींविरुद्धच्या व्यंगचित्रांमुळे बंदी होती, म्हणून 'ए. ओ. प्लाउएन' या नावानं काढलं. १९४४ मध्ये त्याला पकडलं आणि खटल्याआधीच त्यानं तुरुंगात जीव दिला. पण हे आईंना सांगायची गरज नाही. पानांवर याची सावलीही नाही, नुसती माया आहे.

सांजवात

पुस्तक परवा आलं. मोठ्या टायपाच्या गीतेशेजारी ठेवलं होतं, काल तिनं स्वतःहून उचललं. तीन पानं पाहिली. तिसऱ्यावर मुलाच्या केसांवर बोट ठेवून बराच वेळ बसली आणि मला म्हणाली, "ह्याला उद्या तेल लावून पाठवा हं शाळेत."

मी हो बाई म्हणाले. मग कानाशी वाकून तिचं माहेरचं नाव घेतलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली.